घरातला एक कागद

जूनमध्ये विभागाची बैठक झाली तेव्हा
पंखा बंद होता, आणि खमणाची पुडी
नव्या अभ्यासक्रमावर ठेवलेली होती.
पानं उडू नयेत म्हणून नव्हे. जागाच नव्हती.

मेढेकर सर म्हणाले, पहिल्या तासाला राज्याची व्याख्या नको.
तीस वर्षं तीच सांगत आलो:
भूप्रदेश, लोकसंख्या, शासन, सार्वभौमत्व.
मुलं एकेक बोट दुमडतात, मूठ तयार होते.
ती मूठ कुणाची, असं अजून एकानेही विचारलं नाही.

पारेखबेन म्हणाल्या, मग परीक्षेत काय घालायचं?
कुणी बोललं नाही. चहा आला.

ठरलं ते एवढंच.
मुलांना सांगायचं, उद्या येताना घरातला एक कागद आणा,
असा, की जो हरवला तर
तुमच्या आईच्या पोटात गोळा येईल.

मी सांगितलं. फळ्यावर गुजराती, हजेरीला इंग्रजी,
मनात मराठी; दांडिया बाजारात वाढलेल्या बाईला
हिशेब आणि शिव्या अजून मराठीतच येतात.

दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशीपैकी एकोणसाठ आली.
बाकांवर रेशनकार्डं, वीजबिलं, एक घरपट्टी.
छोटाउदेपूरच्या कलसिंगने दाखला पालथा ठेवला होता.
सुलटा केला तर राठवाचं राठोड झालेलं.
दाखल्यात राठोड, बेन. घरी राठवा.
हॉस्टेलच्या यादीत कुणीच नाही.

तनझीलाचा केशडोलचा फॉर्म,
विश्वामित्री घरात शिरली त्या वर्षीचा,
खाली चिखलाची आडवी रेघ.
तलाठ्याची सही नव्हती, नदीची होती.
अंगणात मगर आली तर वनखात्याचा माणूस
तासाभरात येतो, ती म्हणाली,
पंचनाम्याचा अजून यायचाय.
वर्ग हसला. मग हसायचा थांबला.

एकजण रिकाम्या हाताने आला होता.
भाड्याची पावती मागितली तर बापू म्हणाले,
आपल्याला कोण देतंय पावती?
त्याला म्हटलं, वहीचं कोरं पान फाड,
तेच बाकावर ठेव.

इथवर सगळं मला येत होतं. म्हणजे, टिपणं होती.

मग शेवटच्या बाकावरून जिगीषा गोहिल उठली.
तिच्या हातात आमच्याच विभागाची नोटीस:
पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही.
खाली सही माझी.
सकाळी साडेअकरापर्यंत मी वाघोडियाला पॅकिंगमध्ये असते, बेन.
आईच्या पोटात गोळा या कागदाने येतो.
हा कुणाला विचारून काढला?

सार्वभौमत्व हा शब्द तोंडात आला,
गरम बटाट्यासारखा या गालातून त्या गालात फिरवला
आणि गिळला.
विद्यापीठाचा नियम आहे, मी म्हटलं,
आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं.
तलाठीही हेच म्हणाला असेल, याच आवाजात,
चष्मा असाच कपाळावर चढवून.

शुक्रवारी मी ती नोटीस टेबलावर ठेवली.
नियम आपल्या हातात नाही, पारेखबेन म्हणाल्या.
वेळापत्रक आहे, मेढेकर सर म्हणाले.
दोन तास भांडून तास साडेबाराला नेला.
दिवाळीनंतर जिगीषाची शिफ्ट बदलली.
आता ती दुपारी असते.

परीक्षेत मात्र घातलं. प्रश्न पाचवा, पंधरा गुण:
तुमच्या घरातल्या एका कागदाविषयी लिहा. तो कुणाचा आहे?

रात्री पेपर तपासत बसले आहे.
बहुतेकांनी मूठ काढली आहे, चार बोटांची,
पारेखबेनच्या गाईडमधून जशीच्या तशी.
कलसिंगने अडीच पानं लिहिलीत. तळाशी चौकट करून:
उत्तरपत्रिकेवर नाव राठोडच छापून आलंय, बेन.
उत्तर राठवाचं समजावं.

बारा गुण दिले.
कुणाच्या नावापुढे लिहायचे, ते यादीत शोधते आहे.